आबांनी वाढवलेला आकडा

मांजरसुंब्याला पुण्याची एसटी लागली तेव्हा आबा, माझे वडील, ढाब्यावर माझी पाण्याची बाटली भरत होते. याला अकरा वर्षं झाली. आमच्या घरातलं कुणी मेंढरांशिवाय एवढ्या लांब निघालं नव्हतं. आबा खिडकीशी येऊन म्हणाले, "तितं लोकं लई बोलतील. ऐकून घे, पर लगीच मान हालवू नको." मी पाटोदा मागे पडेपर्यंत रडत होते.

आता मी जर्मनीत सक्रिय दीर्घिकांमधल्या, म्हणजे गॅलेक्सींमधल्या, कृष्णविवरांची वजनं काढते. गावी सांगितलं की हमखास विचारतात, "काटा केवढा लागतोय मग?" काटा लागत नाही. कृष्णविवराजवळचा उजेड वाढला की त्याच्याभोवती दूरवर फिरणारा वायू काही दिवसांनी उजळतो. त्या उशिरावरून अंतर कळतं, वायूच्या वेगावरून ओढ कळते आणि दोन्हींवरून वजन निघतं.

माझ्या पहिल्याच दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं वजन आलं तीन कोटी सूर्यांइतकं. आमच्या संशोधन गटाच्या प्रमुखांनी नुसत्या चकाकीवरून पूर्वी नऊ कोटी ठरवलं होतं. भर मीटिंगमध्ये ते गोड हसून म्हणाले, परत तपास. माझी पीएचडी तिथंच अडली. खोटं कशाला बोलू, मान हलवून मोकळं व्हावंसं वाटलं. पण मी मेंढरांत वाढलेली. युसूफ वडगावच्या बाजारात मेंढरू घेताना आबा लोकरीकडे बघायचेच नाहीत. माझा हात धरून त्याच्या कण्यावर ठेवायचे. "लोकर कातरल्यावर काय उरतंय, ते बघ." चकाकी म्हणजे तरी दुसरं काय!

आणखी एक हिवाळा मी त्याच दीर्घिकेवर टेलिस्कोप लावला. आकडा तीनच आला. प्रमुखांनी आपला नऊ स्वतःच्या हातानं खोडला आणि मला कॉफी पाजली. त्या दिवसापासून मला जर्मनीत पाहुण्यासारखं वाटलेलं नाही.

परवा चुलतभावाचा फोन आला. आबा बाजारात सांगत फिरतात म्हणे, "नऊ कोटी सूर्य तोलले माझ्या लेकीनं!" जन्मात ज्यांनी एका मेंढराचं वजन पावशेरानं वाढवून सांगितलं नाही, ते आबा! दोन्ही आकडे त्यांना मीच सांगितले होते. मी तडक फोन लावला. "आबा, तीन हाय. नऊ न्हाई."

"ठाव हाय मला. तितं तीनच सांग, बाई. हितं नऊ ऱ्हाऊ दे."

एका आकड्यासाठी मी वर्षभर भांडले होते; हा नऊ मात्र तसाच राहू दिला. तुम्ही गावात असा की माझ्यासारखे बाहेर, घर कशाला म्हणायचं ते आपापलं ठरवा. माझ्यापुरतं सांगते, जगात तेवढी एकच जागा आहे, जिथलं माझं वजन मी तपासायला जात नाही.