वन्संच्या यादीतली स्पंजची पट्टी

माझ्या नणंदेच्या घरात काडेपेटीलासुद्धा ठरलेली जागा आहे. एकदा मी मदत म्हणून त्यांचं कपाट आवरलं, तर वन्संनी माझ्याशी अबोला धरला. आठ महिने! मी म्हटलं बरं झालं, तेवढीच कानांना विश्रांती.

पण गेल्या मंगळवारी माझ्या विणायच्या मशीनने दगा दिला. सुया दाबून धरणारी स्पंजची पट्टी झिजली आणि टाके गळायला लागले. शाळेचे चाळीस स्वेटर सोमवारी द्यायचे होते. नाही दिले तर पुढच्या वर्षी काम कारखान्याला, असं मुख्याध्यापिकाबाईंनी तोंडावर सांगितलेलं. मशीनची कंपनी तर केव्हाच बंद पडलेली.

फोनवर शोधलं. आंघोळीचे स्पंज आले, भांड्यांचे आले, नवीकोरी मशिनं आली. दोन तास डोळे फोडले आणि शेवटी भोपळा. नवरा म्हणाला, ताईला विचार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अडलेली मी होते. गेले मुकाट्याने वाचनालयात.

वन्सं तिथे मागच्या खोलीत बसतात. अकरा वर्षं त्यांचं एकच काम. एकेक वेबसाइट उघडायची, सगळी वाचायची, पटली तरच वाचनालयाच्या ऑनलाइन यादीत तिच्या विषयाखाली लावायची आणि खाली स्वतःची एक ओळ लिहायची. हल्ली त्या यादीला कुत्रं विचारत नाही, पण बाईंना त्याचं सुखदुःख नाही.

मी अडचण सांगितली आणि म्हटलं, शोधायच्या चौकटीत नुसतं 'स्पंज' टाका ना. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं, की मी खुर्ची जरा मागे घेतली. मग सुरू झालं. हस्तकला. त्यात विणकाम. त्यात मशीनवरचं विणकाम. त्यात दुरुस्ती. प्रत्येक ठिकाणी थांबून, हे इथेच का, दुसरीकडे का नाही, याचं पुराण. माझा जीव टांगणीला लागलेला आणि यांना घाई म्हणून नाही.

'दुरुस्ती'खाली पहिलंच नाव एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं. खाली वन्संची ओळ: 'बंद कंपन्यांचे सुटे भाग मिळतात. फोनच करावा, ईमेल बघत नाहीत.' तिथूनच फोन केला. पट्टी होती! परवा पोचेल म्हणाले. मला रडूच आलं.

वन्सं यादीत एक पायरी मागे गेल्या. तिथे 'विणून देणारे' असा विषय होता आणि त्यात एकच नाव, माझ्या दुकानाचं. नवऱ्याने हौसेने इंटरनेटवर बनवलेलं ते पान मीही विसरले होते. खाली लिहिलं होतं: 'हात सफाईदार. वीण वर्षानुवर्षं उसवत नाही. स्वभाव तिखट, घासाघीस करू नये.' तारीख होती अबोल्याच्या तिसऱ्या महिन्यातली.

"तेव्हा तर तुम्ही माझ्यावर रागावला होतात," मी म्हटलं.

"अजून आहे," वन्सं म्हणाल्या. "पण तो विषय वेगळा."