रविवारी न गळणारी टाकी

"टाकी गळून राहिली मॅडम, अन् तुम्ही नुसते आकडे लिहून राहिल्या!" साहेबांनी मेमो माझ्यापुढे सरकवला. खुलासा तीन दिवसांत हवा होता. माझं प्रोबेशन चालू होतं. मी "येस सर" म्हणाले. तेवढंच मला जमायचं.

नागपूरच्या आमच्या केंद्रात जातिवंत वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवत. घरी मी "कोल्ड स्टोरेजमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. हा द्रव भयंकर थंड. टाकी म्हणजे मोठा थर्मासच, तरी त्यातून थोडा वायू होऊन उडतोच. तो इव्हॅपोरेशन लॉस. पातळी मोजायला लाकडी पट्टी बुडवून काढायची. जिथवर पांढरं हिम धरतं, तिथवर द्रव. दिवसाला एक सेंटिमीटर उतरणं ठीक. आमचा तीन उतरत होता. पुढचा टँकर येईपर्यंत नळ्या उघड्या पडल्या असत्या. साठा वाया, आणि दोष माझा.

महिन्याचे आकडे मांडले. दर रविवारी लॉस बरोबर एक सेंटिमीटर. सुटीच्या दिवशी पट्टी आवारात राहणारे अटेंडंट वामनराव बुडवत. त्यांनाच विचारलं, "झाकण दिवसातून किती वेळा उघडतं?"

"भिवापूरचे शेतकरी आले, साहेबांनी उघडलं. बँकवाले आले, उघडलं. साहेबांचे साळे आले, दोनदा उघडलं."

"दोनदा काहून?" माझ्या कॉन्व्हेंटच्या तोंडून निघून गेलं.

"पहिल्या खेपेले साळ्याच्या बायकोले धूर नाही दिसला ना!"

झाकण काढलं की पांढरा धूर उसळायचा. पाहुणे "अरे बापरे" म्हणायचे. साहेब खुलायचे. तेवढ्यात नागपूरची मे महिन्याची हवा आत शिरायची.

मी खुलाशात तीनच रकाने दिले: तारीख, लॉस, पाहुणे. कोणाचं नाव लिहिलं नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"रविवारी गळत नाही काय?"

"नो सर."

"सोळा तारखेला पाच सेंटिमीटर?"

"उन्हाळी शिबिराची ट्रिप होती, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पोरं लय खूश झाली होती," ते हळूच म्हणाले.

साहेबांनी मेमो मागे घेतला. पाहुण्यांसाठी छोट्या उघड्या भांड्यात वाटीभर नायट्रोजन काढून ठेवायचं ठरलं. टाकीचं झाकण फक्त कामाला उघडू लागलं आणि टँकर येईपर्यंत नळ्या बुडालेल्या राहिल्या. हेड ऑफिसला पाठवलेल्या महिन्याच्या अहवालात साहेबांनी जादा लॉसचं कारण लिहिलं: "ग्रीष्मकालीन जनसंपर्क."

तेव्हापासून कुठल्याही टाकीचा लॉस काढताना मी आधी सुटीच्या दिवसाचा आकडा बघते.