घट्ट जमीन लागेपर्यंत

आमच्या काकांना सगळे क्लच काका म्हणतात. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला याहून बरं नाव मिळायला हरकत नव्हती, पण उभा जन्म शेजारच्या सीटवरून "क्लच! अरे, क्लच!" असं कोकलण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? एका गाळ्यात त्यांचं ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा फिका पडलेला तक्ता आणि बाहेर एक छोटी पांढरी गाडी. शिकणाऱ्याच्या पायाखाली तीन पेडल, काकांच्या पायाखाली दोन: क्लच आणि ब्रेक. या दोन पेडलांच्या जिवावर त्यांनी वकील, भाजीवाल्या, नर्सा, इतकंच काय, एका न्यायाधीशालासुद्धा गाडी शिकवली. न्यायाधीशालाही ते "अरे" म्हणूनच ओरडले.

शिकवली नाही ती एकट्या काकूला. "नवरा बायकोला गाडी शिकवायला बसला की आधी संसार जळतो, मग क्लच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकूनं लग्नानंतर एकदा विचारून पाहिलं, मग विषय सोडला. काकांना वाटलं, तिला हौसच नाही. पुरुषांना असं वाटायला फार वेळ लागत नाही.

मी त्यांची पुतणी, ऑफिसात फोन घेते. मला गाडी येत नाही. काकांच्या शेजारी दोनदा शिकायला बसले आणि दोन्ही वेळा रडत उतरले.

यंदा काकांचा उजवा डोळा बिघडला. पडद्याचा काहीतरी आजार. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काकांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, दुसऱ्या डोळ्यालाही सुरुवात झाली आहे. गाडी बंद करा. शिकवणंसुद्धा." काका घरी येऊन म्हणाले, "हिला रिव्हर्स घेता येत नव्हता, आणि ही मला अक्कल शिकवते!"

काकूनं मात्र धोसरा धरला. "अहो, एखादं पोर मध्ये आलं तर?"

"ब्रेक माझ्या पायाखाली आहे."

"पायाखाली आहे हो. पण दाबायचा कधी, ते दिसायला नको?"

रोज जेवताना हेच. घास कमी, वाद जास्त. शेवटी काकांनीच पैज लावली. त्यांच्याकडे हौसेनं घेतलेली एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह होती, मागे उघडा हौदा असलेली, आडदांड. "रविवारी तलावाकडे जाऊ," ते म्हणाले. "तिथं रस्ता नाही, खुणा नाहीत, नुसती नजर लागते. गाडी धड परत आणली, तर हा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये."

"आणि नाही आणली तर?"

"तर तू म्हणशील ते."

मला साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर कोंबलं.

तलाव आटून पाणी पार मध्यावर गेलं होतं. भोवती उघडी पडलेली जमीन, दगड, घसरडे उतार. काका सुरेख चालवत होते, खोटं कशाला बोलू? शीळ घालत होते. उतार आला की आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. मग समोर एक करडा पट्टा आला. उन्हात तो चमकत होता. मला दिसला, काकूलाही दिसला.

"अहो, तिकडे नको. ओल आहे, चमकतंय बघा."

"धूळ आहे ती."

"चमकतंय म्हणते ना मी!"

"गाडी तू चालवतेस की मी?"

पुढची चाकं आत गेली, पाठोपाठ मागची. काकांनी फोर व्हीलचा दांडा ओढला, खालचा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. चारही चाकं इमानेइतबारे फिरली आणि चौघांनी आपापला खड्डा खणला. 'रुतलेली गाडी रेटायची नाही, ती आणखी खाली जाते,' हे काका शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगतात. मला ते तोंडपाठ आहे. काकूनं खिडकीतून वाकून खाली गेलेलं चाक बघितलं.

काकांनी उतरून फावड्यानं चाकांपुढचा चिखल काढला, हौद्यातल्या फळ्या आणि पायाखालच्या मॅट चाकांखाली सरकवल्या. ते स्टिअरिंगवर बसले, मी मागून जोर लावला. गाडी तिथंच राहिली. मी कमरेपर्यंत माखले.

"एकटीच्यानं व्हायचं नाही," मी वैतागून ओरडले. "तुम्ही या मागे!"

"मग चालवायचं कुणी?"

काकूचे गुडघे असे की जिना चढताना ती कठड्याला धरून चढते. ढकलणं तिचं काम नव्हे. काका थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले, मग काकूकडे.

"बस," ते म्हणाले.

"मी?"

"नाहीतर काय! दुसरं कोण आहे इथं?"

काकू चढून बसली, साडी सावरली, सीट पुढे ओढली. "एक सांगते," ती म्हणाली. "ओरडलात तर उतरून चालत घरी जाईन."

काका खिडकीपाशी उभे राहिले आणि ओरडले नाहीत. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "हा क्लच. पूर्ण खाली दाब. आता हळूहळू सोड. गाडीनं अंग हलवलं ना, तिथं पाय धर." इंजिन बंद पडलं. "पडू दे. पुन्हा कर." पुन्हा बंद पडलं. पुन्हा. मग एकदाचं जमलं.

"आता नीट ऐक," काका म्हणाले. "निघाली की थांबायचं नाही. मध्ये थांबलीस तर परत रुतेल. घट्ट जमीन लागेपर्यंत जात राहायचं. मी हाक मारली तरी थांबायचं नाही."

आम्ही दोघांनी मागून खांदा लावला. गाडी गुरगुरली, डगमगली, आमच्या तोंडावर चिखलाचा फवारा मारला आणि सुटली. सरळ वर, रस्त्याच्या दिशेनं.

"ब्रेक!" काका किंचाळले. "अगं, ब्रेक! ब्रेक!" त्यांचा उजवा पाय चिखलात खाली खाली दाबला जात होता. काकूनं ढुंकूनही पाहिलं नाही. वरच्या डांबरावर गेली आणि एक गचका देऊन थांबली.

आम्ही चालत निघालो. त्या करड्या पट्ट्याच्या कडेला काका थांबले, वाकले, तळहात टेकवून बघितला.

"अजून चमकतंय?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मला नाही दिसत गं."

मला वाईट वाटलं. फार वाटलं. मी त्यांचा कोपर धरून त्यांना उठवलं.

काकू दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती आणि एकटीच हसत होती. काकांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. तिनं दाराची कडी उघडली. "या, बसा. मी तिकडून बसते."

काका क्षणभर दार धरून उभे राहिले. मग त्यांनी ते बाहेरून लावून टाकलं, बॉनेटवर हात ठेवत वळसा घालून डावीकडे आले आणि शेजारच्या सीटवर बसले. "पहिला टाक," ते म्हणाले. "घाई नाही."

आम्ही बैलगाडीच्या चालीनं निघालो. मागून लोक हॉर्न वाजवत होते, काकूला त्याचं काही नव्हतं. गावाच्या तोंडाशी चौक आला. काकूनं गाडी थांबवली, या वेळी बंद न पाडता.

"उजवीकडून काही येतंय का?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न ते चौकात प्रत्येकाला विचारतात. त्यांना उत्तर माहीत असतं, समोरचा बघतो की नाही एवढंच बघायचं असतं. आज ते काकूच्या तोंडाकडे बघत होते.

काकूनं मान वळवली. "सायकलवर एक मुलगी येतेय. लहान आहे."

काकांचा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबलेला होता.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "गेली की सांग."