काठाची पात

दत्ता गेल्याची बातमी माझ्याकडे बातमी म्हणूनच आली. मेहकरच्या आमच्या कार्यालयात दुपारी चारनंतर गावोगावच्या वार्ताहरांचा मजकूर मोबाइलवर येऊ लागतो आणि तो कापून पानात बसवणे हे माझे काम आहे. पिकअपची दुचाकीला मागून धडक, जानेफळचा भाजी उत्पादक ठार, अशी ती सहा ओळींची बातमी होती. मी सवयीने ‘भीषण’ हा शब्द काढला, ‘दुर्दैवी’ काढला, सहाच्या चार ओळी केल्या. मृताचे वय दिले आहे की नाही हे पाहायला पुन्हा वर गेलो, तेव्हा नाव वाचले. वय दिलेले होते, अठ्ठेचाळीस. आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बारा किलोमीटर सोबत धावलो होतो. बातमीत चूक काही नव्हती. ती तशीच पानावर गेली... या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

आम्ही दोघेही जानेफळचे, पण ओळख खरी झाली ती रस्त्यावर. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले. मी मेहकर रस्त्याने चालत असे आणि दत्ता वांग्यांची तोडणी सुरू होण्याआधी त्याच रस्त्याने धावत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो माझ्याजवळ थांबला आणि, चालून चालून किती जाशील, थोडा पळून पाय, असे म्हणाला. मी पळून पाहिले. दत्ता तरुणपणी पोलीस भरतीसाठी धावला होता. निवड झाली नाही, आणि त्यानंतर आपल्याला कोणी धावायला सांगितलेच नाही, असे तो हसत सांगायचा. मग चाळिशी उलटल्यावर कोणी न सांगता तो पुन्हा धावू लागला. चहाच्या टपरीवरची मंडळी विचारायची, “काय बे दत्ता, मांगं कुत्रं लागलं का?” तो न थांबता उत्तर द्यायचा, “कुत्रं नाही गड्या, वय लागलं.” धावताना बोलता आले पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग चुकला, हा त्याचा नियम होता. त्यामुळे चार वर्षे तो बोलत राहिला. वांग्यावरची अळी, सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, आलेले पाणी, मुलीचा अकरावीचा प्रवेश. मी बहुतेक वेळा ऐकत असे, कारण माझा वेग नेहमीच चुकलेला असायचा.

त्याला एकच गोष्ट हवी होती. बेचाळीस किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन एकदा धावायची. एकदाच, जास्त नाही. पस्तीस किलोमीटरच्या पुढे शरीर काय म्हणते ते ऐकायचे आहे, एवढेच तो म्हणे. ज्या मॅरेथॉनला त्याला जायचे होते, तिच्या नोंदणीसाठी एकवीस किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत धावल्याचा दाखला लागत होता. म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही मोताळ्याच्या शर्यतीत नाव दिले. रोहिणखेडच्या दिशेने जाऊन अर्ध्यातून वळायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे, असा मार्ग होता. सराव त्याचा आणि दाखलाही त्यालाच हवा होता. मी सोबत म्हणून गेलो होतो. सुरुवातीलाच मी त्याला सांगितले की माझ्यासाठी थांबायचे नाही. तो “हाव” म्हणाला.

वळण घेऊन तो परत निघाला तेव्हा मी अजून तिकडेच चाललो होतो. समोरासमोर आलो, त्याने हात वर केला आणि पुढे गेला. दोन्ही बाजूंना तूर कापून झालेली, ऊन चढू लागलेले. सतराव्या किलोमीटरला माझ्या पिंडरीत गोळा आला आणि मी पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसलो. मोटारसायकलवरचा एक स्वयंसेवक मला पाहून, गाव विचारून पुढे गेला. दत्ता तेव्हा विसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाशी पोचला होता. जानेफळचा कोणी मागे बसला आहे, असे त्याने त्या स्वयंसेवकाकडून ऐकले. त्याच्या घड्याळात एक तास पंचावन्न मिनिटे झाली होती. हातात वीस मिनिटे होती आणि रस्ता उरला होता एक किलोमीटर.

तो माघारी वळला. येणाऱ्या धावपटूंच्या उलट दिशेने तो मला येताना दिसला, तेव्हा मला आधी वाटले की दुसराच कोणी त्याच्यासारखा बनियन घालून आला आहे. तो जवळ बसला, माझा बूट काढला आणि पिंडरी रगडू लागला. मी चिडलो. एक किलोमीटर संपवून यायचे होते, पाच-सहा मिनिटांचे काम होते, मी काही मरत नव्हतो, असे बरेच बोललो. शेवटी विचारले, घड्याळ पाहिले नाहीस का?

“पाह्यलं ना. पण मांगं तू बसला होता,” तो म्हणाला.

हे उत्तर कुठून आले ते मला त्याच्या वावरात नंतर कळले. निंदायला बसले की प्रत्येक जण एकेक ओळ धरतो, तिला पात म्हणतात. दत्ताच्या वावरात अशी रीत होती की जो पुढे निघेल त्याने आपली पात हातभर बाकी ठेवायची, वळायचे, आणि मागे पडलेल्याची पात समोरून निंदत यायची. सगळ्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढायचे ते एकदमच. त्याच्या वडिलांपासून हे चालत आले होते. शर्यतीतही त्याने तेच केले, आणि यात काही चुकले असे त्याला अखेरपर्यंत वाटले नाही. त्या दिवशी आम्ही चालत, लंगडत रेषा ओलांडली तेव्हा दोन तास अठ्ठावन्न मिनिटे झाली होती. दाखला हुकला. पुढच्या मोसमात पाहू, असे तो म्हणाला आणि परतीच्या एसटीत डबा उघडून बसला. पुढच्या शर्यतीला पाच आठवडे उरले असताना तो गेला... बेचाळीस किलोमीटर त्याचे राहिले. ती वीस मिनिटे त्याने कुठे खर्च केली, हे मला माहीत आहे.

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. शोभावहिनी वावरात होत्या म्हणून तिकडे गेलो. वांग्यातले निंदण नुकतेच संपले होते आणि चार बाया धुऱ्यावर बसून पाणी पीत होत्या. सगळे वावर काळे, स्वच्छ दिसत होते. फक्त पलीकडच्या काठाला, धुऱ्याला लागून, एक ओळ गवताने भरलेली तशीच उभी होती. धुऱ्याकडून हरळी आत शिरते, म्हणून काठाची पात सगळ्यांत अवघड असते. मी विचारले तेव्हा वहिनींनी तिकडे पाहिले आणि त्यांनाही ती आत्ताच दिसली.

“कोणाच्या ध्यानातच नाही आलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ते पात त्यायची असते ना.”

बाया उठू लागल्या. वहिनींनी हातानेच त्यांना थांबवले. मी एक खुरपे मागून घेतले आणि अलीकडच्या टोकाला बसलो. मला निंदता येत नाही. हरळी वरवर तुटत होती, मुळे आतच राहत होती, मांड्या भरून आल्या. अर्ध्या तासात चार-पाच झाडांपुढे काही सरकलो नाही. मी दर दोन हात झाले की मान वर करत होतो आणि पातीच्या पलीकडच्या टोकाकडे पाहत होतो.