डबेवाल्या बाईंची वही

डबेवाल्या बाई गोठ्यात शिरताना बूट धुवायच्या, याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण त्या निघतानाही धुवायच्या. बादलीत औषधाचं पाणी, हातात ब्रश. तळव्याच्या खाचेत अडकलेली लेंडी काडीनं काढल्याशिवाय त्या स्कूटीवर बसत नसत. एकदा मी विचारलं, "आता तर निघालाच की, आता कशाला?" त्या म्हणाल्या, "येताना धुते ते तुमच्या शेळ्यांसाठी, तात्या. जाताना धुते ते पुढच्या घरच्यांसाठी."

बाई जनावरांच्या डॉक्टर. मूळच्या कानडी मुलखाला लागून असलेल्या मुरुमकडच्या. एका संस्थेतर्फे आमच्या वाशी तालुक्यात शेळीपालकांना शिकवायला आल्या होत्या. चिडल्या की तोंडून कानडी यायची. आम्हाला त्यातलं काही कळत नसे, त्यामुळं कुणी मनावर घेत नसे.

शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. त्यांनी झाकणाचे आठ डबे शिवारात लपवले आणि त्यांची ठिकाणं मोबाईलच्या नकाशावर टाकली. नकाशा माणसाला जवळपास नेऊन सोडतो, पुढं झाडाची ढोली, बांधावरचे दगड आपणच धुंडाळायचे. परदेशात लोक हा खेळ हौसेनं खेळतात म्हणे. बाईंच्या डब्यात रोगराईबद्दल एक प्रश्न असायचा आणि एक वही. नाव, तारीख, उत्तर लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा, शेजारच्या बाटलीतल्या औषधानं पायताण धुवायचं, मगच पुढचा डबा. डबे कायम गोठ्यापासून लांब असत.

आधी गाव हसलं. माझा शेजारी दगडू पारावर म्हणाला, "बाईचे डबे हरवल्यात, आन् हुडकायला गाव लावलंय." पुढं त्याच दगडूनं आठातले सहा डबे शोधले आणि उरलेल्या दोनांसाठी माझ्याकडं चार वेळा चहाला आला. शेजारच्या गावांतल्या बचतगटाच्या बायकाही यायला लागल्या. दगडू शेजाऱ्याचा बोकड आणण्याआधी त्याचं नाक-तोंड बघायला लागला. हे त्या डब्यांनी केलं.

वहीबद्दल बाईंचा एकच नियम होता. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ लिहायची.

त्यांचा सगळा भर नव्या जनावरावर असे. आमच्याकडं बाजारातून जनावर आलं की दारात त्याच्या पायावर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, भाकरीचा तुकडा देतात आणि लगेच दावणीला नेतात. वेगळं बांधणं म्हणजे घरात घेतलंच नाही असं वाटतं. बाईंनी ती रीत मोडायला सांगितली नाही. "हळदकुंकू लावा, पण मग एकवीस दिवस लांब बांधा. नव्या सुनेला आल्या दिवशी कुणी चुलीपुढं बसवतं का?" माझी बायको म्हणाली, "मला तर दुसऱ्याच दिवशी बसवलं की." बाई खूप हसल्या.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मी बाजारातून दोन शेळ्या आणल्या; अंधार पडल्यावर पोचलो, गल्लीत कुणी पाहिलं नाही. बायकोनं त्यांना ओवाळलं. वेगळी बांधायला जागा नव्हती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा होती, तिथं कडबा होता, तो हलवायचा कंटाळा आला. त्याच संध्याकाळी त्या कळपात गेल्या. दोन दिवसांनी माझ्या बांधावरच्या कडुलिंबाच्या ढोलीतला डबा मी उघडला. प्रश्न होता, 'गेल्या एकवीस दिवसांत नवं जनावर आणलं का?' बाई चार गावांत सांगायच्या, तात्यांचा गोठा बघून या. मी लिहिलं, 'नाही.'

आठवड्यात नव्या दोन्ही शेळ्यांची नाकं गळायला लागली. मग तोंडात फोड, हगवण. माझ्या अकरा शेळ्या मेल्या. दगडूच्या सातही मेल्या. रोग पुढं गल्लीत गेला.

देवळापुढं बैठक बसली. दगडू म्हणाला, "बाई, तुमचे डबे हुडकत चार गावची पायताणं आमच्या शिवारात फिरली. रोग काय एष्टीत बसून आला व्हय?" बाई आठही वह्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक पान वाचलं. वह्यांप्रमाणं नवं जनावर कुणीच आणलेलं नव्हतं. पहिली जनावरं माझी मेली होती, म्हणून माझ्या पानावर त्या थांबल्या.

"तात्या, हे बरोबर आहे ना?"

"व्हय," मी म्हणालो.

बायको बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानंतर आमच्या दारात आलेल्या एकाही जनावराला तिनं हळदकुंकू लावलं नाही.

बाईंनी वह्या मिटल्या. म्हणाल्या, "वहीत लिहिलंय ते खरं धरायचं, असं मीच सांगितलंय. मग रोग माझ्या खेळानं आणला." दोन दिवसांत त्यांनी सगळे डबे गोळा केले. महिन्याभरात संस्थेनं त्यांना परत बोलावलं. जाताना लिंबाच्या ढोलीतला डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "ही वही तुमच्याकडं राहू द्या. सगळ्यांत नीट तुम्हीच लिहायचात." मग बादलीपाशी जाऊन बूट धुतले आणि गेल्या.

याला चार वर्षं झाली. गेल्या वर्षी बायको वारली. त्या दोन शेळ्यांबद्दल माहीत असलेला आता मी एकटाच उरलो. गेल्या आठवड्यात डबा काढला, 'नाही'च्या खाली लिहिलं, 'दोन आणल्या होत्या. त्याच दिवशी कळपात सोडल्या.' झाकणाच्या आत बाईंचा नंबर चिकटवलेला होता. फोन लावून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी प्रत्येक शिबिरात सांगतेय, की हा खेळ करू नका, आम्ही करून एक गाव बुडवलं."

मी म्हणालो, "वरची ओळ खोडू का?"

"खोडू नका. तारीख घातलीत का?"

"घातली."

"मग मला एकटीला वाचून दाखवून काय उपयोग, तात्या? वही येईल त्याला वाचता यावी म्हणून असते."

वही आता पुन्हा लिंबाच्या ढोलीत आहे. दगडूला सांगितलं आहे. तो वाचून आला, त्यानंतर माझ्याकडं चहाला आलेला नाही. तिथवर जे जाणार नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिलं.