पाच नंबरचा फीडर

चाकणजवळच्या सबस्टेशनमध्ये मी ऑपरेटर आहे. लोकांना वाटतं, वीज टाकीत भरून ठेवलेली असते. कसली टाकी! जेवढी पंगत बसलीय तेवढंच त्या क्षणी शिजायला हवं, असा हा कारभार. उन्हाळ्यात हिंजवडीचे एसी, इथल्या भट्ट्या आणि घरोघरचे कूलर एकदम सुरू झाले, की पन्नास हर्ट्झवर टिकायला हवा तो फ्रिक्वेन्सी मीटरचा आकडा घसरतो. मग वरून फोन येतो, “लोड कमी करा.” कुणाला तरी पंगतीतून उठवावं लागतं. कुठला फीडर, म्हणजे कुठल्या भागाला वीज नेणारी लाइन, कधी बंद करायची, ती पाळी फळ्यावर लिहिलेली असते. ती मोडायची नाही.

मी मोडली.

नवऱ्याने एका कंपनीत सहा वर्षं कंत्राटी म्हणून घासली. कायम होणार, त्याच्या आदल्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड काढून घेतलं. एचआरचा साहेब म्हणाला, “बघू.” तेव्हापासून नवरा धड जेवत नव्हता, ताटात बोटं फिरवून उठायचा. आणि हाच साहेब राहायला पाच नंबरच्या फीडरवर; तिथली लाइट गेली, की मला फोन करून कंपनी नि हुद्दा ऐकवायचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या दुपारी पाळी दोन नंबरची होती. मी पाच नंबर बंद केला. मुद्दाम, खोटं कशाला बोलू? पाच मिनिटांत त्याचा फोन.

“मॅडम, लाइट कधी येईल?”

“बघू,” मी म्हणाले. काय गार वाटलं म्हणून सांगू!

“अहो, आई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. इन्व्हर्टर फार टिकायचा नाही.”

झालं! म्हातारीने माझं काय घोडं मारलं होतं? पण पाच नंबर चालू करायचा, तर आधी दुसऱ्याला उठवायला हवं. दोन नंबर बंद करून पाच चालू केला. दोन नंबरवर माझंच घर आहे.

“आली, आली! उपकार झाले, ताई.”

“आईंना जपा. पाळी तुमची नव्हतीच, मी मुद्दाम घालवली होती. कायम व्हायच्या आदल्या दिवशी गेटवरून हाकललेला माणूस आठवतो? त्याची बायको बोलतेय. आत्ता त्याच्याच घरची लाइट काढून तुम्हाला दिलीय. जा, करा तक्रार.”

त्याने फोन ठेवला. तक्रार काही आली नाही.

घरी गेले, तर नवरा घामाने निथळत बसलेला. “भरदुपारी लाइट कुणी घालवली गं?”

“मीच. तुमच्या साहेबाला दिली.”

सगळं ऐकून त्याने ताट पुढे ओढलं. मग म्हणाला, “वाढ.” तीन भाकरी खाल्ल्या.