सर्वेतलं तूप

आंध्रातून फुटून आमचं नवं राज्य झालं आणि मग आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्या वर्षीची गोष्ट. मी तिसरीपर्यंत शिकलेला, त्यामुळे एका जिल्ह्याचे चार केले की ताटातली भाकरीही चौपट होते का, ते मला कळत नाही. पाट्या मात्र नव्या आल्या.

त्याच थंडीत एक सर्वेवाली बाई दारात आली. गावातल्या अशक्त गर्भार बायांची यादी करायची होती. यादीत नाव लागलं की रोज अंडं, दूध आणि रक्ताच्या गोळ्या. आमच्या सुनेला सातवा महिना. नखं पांढरी, भिंत धरून चालायची. आम्ही ज्वारी खाणारी माणसं, पण त्या साली रानात कपाशीशिवाय काही पेरलंच नव्हतं. कपाशी शिजवता येत नाही. रेशनचा तांदूळ आणि मिरचीचं पाणी, एवढंच चालू होतं.

बाई तेलुगू, मराठी येत नव्हती. तिनं हिंदीत विचारलं, "बाबा, खाने में क्या क्या रहता?"

आमच्याकडे परक्या माणसापुढे चूल उघडी करत नाहीत. पाहुणा उपाशी आला तरी "आत्ताच जेवलो" म्हणतो, आपण डबे रिकामे असले तरी "जेवूनच जा" म्हणतो. दोघांनाही खरं माहीत असतं. मी छाती काढून सांगितलं, "ज्वार की रोटी, तूर की दाल, ऊपर से घी." वर शेजारून दूध आणवून तिला चहा पाजला. तिनं सगळं लिहून घेतलं. सून दाराआड उभी होती. सासऱ्यापुढे ती काय बोलणार?

यादी लागली. दोन म्हशीवाल्याची सून त्यात पहिली. तिची सासू डोळ्याला पदर लावून अशी रडली म्हणे, की सर्वेवालीनंच तिला पाणी पाजलं. आमचं घर मात्र सुदृढ ठरलं. आठ दिवसांनी त्या सुदृढ घरातली सून हापशीवर चक्कर येऊन पडली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, रक्त फार कमी आहे. असंच राहिलं तर बाळंतपणात दोघांचंही खरं नाही.

घरी येताच म्हातारी सुरू झाली.

"काऊन जी, त्या बाईले तूप काऊन सांगतलं?"

"मंग काय सांगू? भिकारी हावो म्हनून?"

"तुमी नका सांगू. मीच सांगतो जाऊन. तुमी बसा मिश्यांले पीळ देत."

हे काही मला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच निघालो. जुन्या कचेरीत म्हणाले, तुमचं गाव आता नव्या जिल्ह्यात. नव्या जिल्ह्यात खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघायचं होतं, पण आमचा कागद तिथं बरोबर पोचला होता.

कारकून म्हणाला, "बाबा, तुम्हारे घर में तो घी है."

"मुँह में था. थाली में नहीं था."

"तो जोर से बोलो, क्या नहीं है. अंदर साहब को सुनना है."

मागे रांग होती, रांगेत आमच्याच गावचे दोघे. मी फेटा सारखा केला आणि मराठीतच ओरडलो, "घरात खायला नाही!" आमच्या मुलखात हे वाक्य तिन्ही भाषांतल्या माणसांना कळतं.

"कब से?"

"किसके राज से बताऊँ?" मी म्हटलं. "निजाम के, आंध्रा के, या तुम्हारे?"

रांगेत कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि सुनेचं नाव विचारलं.